मोटारीचा मोबाइल स्टार्टर आणि ‘पीएम किसान’ची फाइल: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणं सुरक्षित आहे का, असं विचारलं की सगळे ‘अजिबात नाही’ म्हणतात. तरी सांगली जिल्ह्यात कुठल्याही गावात चार फोन तपासले तर बाहेरून टाकलेलं एखादं ॲप निघतंच. त्यातली बरीच निरुपद्रवी असतात, आणि घोळ नेमका तिथून सुरू होतो. खालचं प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणारे टप्पे जोडून ते बांधलं आहे. रकमा आणि वेळा नमुन्यादाखल आहेत, पण फोन, बँक आणि चोर कसे चालतात ते जसंच्या तसं सांगितलं आहे.

फोन आणि त्याचा मालक

तासगाव तालुक्यातले पन्नाशीचे द्राक्षबागायतदार. अडीच एकर बाग, माल बेदाण्याला जातो. फोन चार वर्षांचा, अँड्रॉइड १२ वर अडकलेला, कंपनीकडून नवी आवृत्ती येणं बंद झालेलं. सिम एकच. तोच नंबर बँकेत, आधारला, अडत्याकडे आणि पीएम किसानच्या नोंदणीत दिलेला. खातं सहकारी बँकेत, त्यावर डेबिट कार्ड. मार्चमध्ये पहिल्या सौद्याचे पैसे आले होते, शिल्लक ६८,००० रुपये.

पैसे गेले मार्चमध्ये. पण फोनचं दार उघडं पडलं होतं ते आधीच्या जुलैत, आणि तेही एका खऱ्या, चांगल्या ॲपसाठी.

शेतीपंपाची लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीचं विहिरीवर जायला नको म्हणून मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला. त्यात एक सिम असतं. ठरलेला एसएमएस पाठवला किंवा कॉल केला की मोटार चालू-बंद होते. बसवायला आलेल्या कारागिरानं सोयीसाठी त्याच स्टार्टरचं ॲप व्हॉट्सॲपवर पाठवलं. बटण दाबलं की ॲपच एसएमएस पाठवतं. ते टाकताना त्यानं फोनमध्ये तीन गोष्टी केल्या. व्हॉट्सॲपला ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करा’ ही परवानगी दिली. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप्स तपासणारी गूगलची सोय, आड येत होतं म्हणून प्ले स्टोअरमध्ये जाऊन त्याचं स्कॅनिंग बंद केलं. आणि ॲपला एसएमएसची परवानगी दिली. काम झाल्यावर यातलं काहीच पूर्ववत केलं नाही.

कारागिराला लगेच दोषी ठरवू नये. अशी ॲप्स स्टोअरबाहेर राहण्यामागे एक सरळ कारणही असतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलनं प्ले स्टोअरचा नियम कडक केला. एसएमएस आणि कॉलच्या नोंदी हाताळणाऱ्या परवानग्या मोजक्याच प्रकारच्या ॲप्सना मिळतील, असं ठरलं. छोट्या उत्पादकाला ती मंजुरीची खटपट करण्यापेक्षा फाइल थेट वाटणं सोपं जातं. ॲप प्रामाणिक होतं, फक्त त्याच्यासाठी उघडलेलं दार पुढच्या प्रत्येक फाइलसाठी उघडंच राहिलं.

इथे अँड्रॉइडचा एक बारकावा समजून घ्यायला हवा. जुन्या अँड्रॉइडमध्ये ‘अज्ञात स्रोत’ असं सगळ्या फोनसाठी एकच बटण असायचं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ज्या ॲपमधून फाइल उघडायची त्या ॲपला वेगळी द्यावी लागते: क्रोमला वेगळी, फाइल मॅनेजरला वेगळी, व्हॉट्सॲपला वेगळी. या बदलानं सुरक्षा वाढली. पण एकदा दिलेली परवानगी आपण काढेपर्यंत तशीच राहते. आणि ज्या व्हॉट्सॲपवर दिवसभर चाळीस गटांतून फाइली येतात, त्यालाच ती दिली गेली.

शुक्रवारची संध्याकाळ

तारीख निवडलेली होती. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशीचा शुक्रवार, म्हणजे पुढे दोन दिवस बँकेची शाखा बंद. संध्याकाळी ७:४० ला गावातल्या द्राक्षबागायतदारांच्या गटात ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून फाइल आली. नाव ‘पीएम किसान नवीन यादी’, शेवटी एपीके (म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल), आकार सहाएक एमबी. सोबत मजकूर: ई-केवायसी अपूर्ण असलेल्यांचा हप्ता थांबला आहे, आज रात्री बारापर्यंत ॲपमधून पूर्ण करा.

यातला अर्धा भाग खरा आहे म्हणून तो पटतो. पीएम किसानला ई-केवायसी लागतेच. २०२३ पासून सरकारच्या अधिकृत ॲपमध्ये चेहरा दाखवून ती करण्याची सोयही आहे. खरीप-रब्बीला ई-पीक पाहणीचं ॲप उघडून पिकाची नोंद करायची सवय इथल्या शेतकऱ्याला २०२१ पासून आहे. सरकारी कामासाठी ॲप टाकणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण ही दोन्ही ॲप्स प्ले स्टोअरवर मिळतात. सरकारी खातं, बँक, आरटीओ किंवा वीज कंपनी, यांपैकी कुणीही व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून काम करायला सांगत नाही. ई-चलन, वीज तोडण्याची नोटीस, लग्नपत्रिका या नावांनी फिरणाऱ्या फाइलींनाही हाच एक निकष पुरतो.

फाइलवर बोट ठेवलं. ‘या स्रोताकडून इन्स्टॉल करायचं का’ ही सूचना आलीच नाही, कारण जुलैत तिचं उत्तर देऊन झालं होतं. प्ले प्रोटेक्ट बंद असल्यानं तेही गप्प राहिलं. ते चालू असतं तर इथे किंवा पुढच्या टप्प्यावर अडण्याची शक्यता बरीच होती. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस वाचणं, सूचना वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (पडद्यावरचं वाचायची आणि दाबायची परवानगी) यांतलं काही मागत असेल, तर ते आपोआप अडवायची सोय गूगलनं २०२४ मध्ये आधी सिंगापुरात आणली आणि त्याच वर्षी भारतासाठीही जाहीर केली.

ॲप उघडल्यावर ‘नवीन आवृत्ती उपलब्ध, अपडेट करा’ असं बटण दिसलं. ते दाबल्यावर या नव्या ॲपसाठी ‘अज्ञात ॲप्स’ ची परवानगी मागितली गेली, ती दिली आणि दुसरंच एक ॲप बसलं. ही दोन टप्प्यांची रचना मुद्दाम केलेली असते. पहिली फाइल दिसायला साधी, तिच्यात घातक असं फारसं काही नसतं. खरा माल दुसऱ्यात असतो आणि त्याला पडद्यावर चिन्हच नसतं. लोक पहिलं ॲप काढून टाकतात आणि सुटलो असं समजतात, ते याचमुळे.

मग परवानग्या. एसएमएस, फोन, सूचना वाचणं, बॅटरीचं बंधन नको. एसएमएसची चौकट ‘एसएमएस पाठवू आणि पाहू द्यायचे का’ असं एकत्रच विचारते. नुसतं पाठवणं आणि सगळे वाचणं, असा वेगळा पर्याय अँड्रॉइड वापरणाऱ्यापुढे ठेवत नाही. स्टार्टरच्या ॲपनं हीच चौकट दाखवली होती आणि तेव्हा काही बिघडलं नव्हतं. म्हणून बोट याही वेळी ‘अनुमती द्या’ वर गेलं. सूचना वाचण्याची परवानगी अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनवर अशा बाहेरच्या ॲपला सहसा सहज मिळत नाही. सेटिंगमध्ये वेगळं जाऊन ‘प्रतिबंधित सेटिंग’ उघडावी लागते. अँड्रॉइड १२ वर तो अडसर नाही. चोरही हा अडसर चुकवायच्या वाटा शोधत असतात, पण जुन्या फोनवर त्यांना तेवढेही कष्ट पडत नाहीत.

शेवटी अर्ज. नाव, मोबाइल, आधार क्रमांक, आणि ‘पडताळणी शुल्क १ रुपया’ भरायला डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन अंक. पोर्टलवर ओटीपीनं ई-केवायसी करायला एक रुपयाही लागत नाही. तो रुपया कार्डाचा तपशील मिळवण्यासाठीच मागितलेला असतो.

रात्री काय घडलं

८:२५ ते ९:१० च्या दरम्यान कार्डावरून ऑनलाइन दोन व्यवहार झाले, प्रत्येकी २४,५००. कार्डाचा तपशील चोराकडे होता, फक्त ओटीपी हवा होता. तो फोनवर आला आणि त्याच क्षणी पुढे गेला. अशी ॲप्स आलेला प्रत्येक एसएमएस टेलिग्रामच्या बॉटकडे (आपोआप चालणाऱ्या खात्याकडे) किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या साठ्यात पोचवतात. मालकाला मात्र फोन वाजल्याचं कळलंच नाही. सूचना वाचायची परवानगी म्हणजे सूचना पुसायचीही परवानगी. मेसेज इनबॉक्समध्ये पडून राहिले, पडद्यावर उमटलेच नाहीत. कार्डाची रोजची मर्यादा ५०,००० होती म्हणून त्या दिवशी तिथेच थांबलं. बारा वाजून गेल्यावर आणखी ९,८०० एका वॉलेटमध्ये भरले गेले.

मधल्या वेळात चोरानं आपल्या फोनवर यांच्या नंबरचं यूपीआय उघडलं. यूपीआय सुरू करताना त्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, आणि सिम तर तासगावात. पण एसएमएस पाठवायची परवानगी ॲपकडे होती, त्यामुळे तो मेसेज यांच्याच फोनवरून गेला. मग पिन ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी लागतो. तिन्ही हाताशी. नवीन नोंदणीवर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचंच बंधन असतं, म्हणून त्या वाटेनं ५,००० गेले. एकूण ६३,८००.

१२:३० ला व्हॉट्सॲपही गेलं. त्याचा सहा आकडी कोड एसएमएसनंच येतो. खातं चोराच्या फोनवर चालू झालं, यांच्याकडचं बंद पडलं आणि पहाटे हीच फाइल यांच्या नावानं बेदाणा व्यापाऱ्यांच्या, भजनी मंडळाच्या आणि भावकीच्या गटांत गेली. संध्याकाळी ज्या ओळखीच्या माणसाकडून फाइल आली, त्याच्याबाबतीत आदल्या दिवशी हेच घडलं होतं. ‘ओळखीच्याकडून आली म्हणून उघडली’ असं लोक सांगतात ते खरंच असतं. व्हॉट्सॲपमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावलेला असता तर नुसत्या एसएमएसवर खातं उचलता आलं नसतं. पिन लावायला एक मिनिट लागतं: सेटिंग, खाते, द्विस्तरीय पडताळणी.

सकाळी

पावणेआठला अडत्याचा फोन आला, ‘काका, तुमच्या नंबरवरून कसली फाइल आलीय?’ तेव्हा इनबॉक्स उघडला. पुढचा अर्धा तास इतका मोलाचा असतो की त्यातला क्रम सविस्तर सांगायला हवा.

पहिल्यांदा त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद केलं आणि सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. एपीके तिथे चालत नाही, म्हणून यापुढचे ओटीपी फक्त मालकालाच दिसतात. नुसता विमान मोड लावून सिम तिथेच ठेवलं, तर बँकेचा मेसेज बघायला लोक तो मोड काढतात आणि ॲप पुन्हा कामाला लागतं. ८:१५ ला त्याच बटणाच्या फोनवरून १९३० लावला. हा गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा आर्थिक सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथे खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि मेसेजमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात. तो कागदावर लिहून ठेवूनच फोन करावा. नोंद झाली की पैसे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेले तिथे अडवण्याची सूचना जाते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात तासातासाला हलवतो, म्हणून इथे वेळेला किंमत आहे. कार्डाचे ४९,००० रात्रीच खर्ची पडले होते. वॉलेटमधले ९,८०० मात्र तिथेच सापडले आणि गोठवले गेले.

मग बँकेचा कार्ड बंद करण्याचा चोवीस तासांचा क्रमांक. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, इंटरनेटवर शोधू नये, कारण तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं बँकांनी आपली संकेतस्थळं डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर नेली आहेत, तेवढं शेपूट पाहूनच बँकेच्या पानावर जावं. कार्ड, यूपीआय आणि मोबाइल बँकिंग तिन्ही बंद करायला सांगितलं आणि तक्रारीचा क्रमांक घेतला.

एक चूक इथे थोडक्यात टळली. घरातल्या मुलानं फोन लगेच फॅक्टरी रीसेट करायला, म्हणजे पूर्ण पुसून कोरा करायला घेतला होता. तसं केलं असतं तर पुरावाच गेला असता. आधी दुसऱ्या फोननं फोटो काढले: गटातला मेसेज, वेळ, दोन्ही ॲप्सची माहितीची पानं, त्यांना दिलेल्या परवानग्या, इनबॉक्समधले सगळे ओटीपी. मूळ एपीके फाइल व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये असते, ती केबलनं संगणकावर घेतली. हे सगळं सायबर पोलिसांच्या कामाचं आहे.

मग सफाई. चिन्ह नसलेलं ॲप सेटिंगमधल्या ‘सर्व ॲप्स पाहा’ या यादीतच सापडतं. नाव बहुतेक वेळा सरकारी किंवा सिस्टिमसारखं असतं. ‘अनइन्स्टॉल’ चं बटण फिकं दिसत असेल तर त्यानं डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनच्या कारभाराचा अधिकार घेतलेला असतो. सुरक्षा सेटिंगमध्ये तो काढायचा, ॲक्सेसिबिलिटी आणि सूचना वाचण्याच्या यादीतूनही त्याला उडवायचं. पान आपोआप मिटत असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करायचा, तिथे बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. कॉल फॉरवर्डिंग तपासायचं, कारण फोनची परवानगी मिळालेली ॲप्स कॉल दुसरीकडे वळवून ठेवतात. एवढं झाल्यावर फॅक्टरी रीसेट. फोटो आणि नंबर परत घ्यावेत, मेमरी कार्डावरच्या जुन्या एपीके फाइली घेऊ नयेत. गूगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलला. आधार क्रमांक गेला होता म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं.

पैशाचं काय

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, असा व्यवहार बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा शून्य. दिवस शाखेच्या कामकाजाचे मोजतात, म्हणजे ते शनिवार-रविवार यात येत नाहीत. पण ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. कार्डाचा तपशील स्वतः भरला म्हणून बँक दुसऱ्या कलमावर बोट ठेवते आणि या प्रकरणातही तेच झालं. सोमवारी शाखेत लेखी तक्रार दिली, पोच घेतली. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येत नाही. परिपत्रकानुसार बँकेला ९० दिवसांत निकाल द्यावा लागतो.

आमचं मत असं की रात्रीतून एकापाठोपाठ झालेल्या, त्या खात्यानं आधी कधीच न केलेल्या व्यवहारांची शंका बँकेच्या यंत्रणेलाही यायला हवी होती. तक्रारीत हा मुद्दा लिहावा. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डाचा ऑनलाइन वापर ग्राहकाला बंद-चालू करता येतो. यांनी कार्डावर ऑनलाइन काहीच कधी घेतलं नव्हतं. तो वापर बंद असता तर ६३,८०० पैकी कार्डावरून गेलेले ५८,८०० वाचले असते.

मग स्टार्टरच्या ॲपचं काय करायचं

खरा प्रश्न हाच, आणि ‘बाहेरचं काहीच टाकू नका’ हे उत्तर इथे अपुरं आहे. मोटार तर चालवायचीच आहे.

या घरात ॲप काढून टाकलं. तोच ठरलेला मेसेज बटणाच्या फोनवर साठवून ठेवला, चार कळांत मोटार चालू होते. ज्यांना ॲपच हवं त्यांनी ते घरातल्या जुन्या स्मार्टफोनवर ठेवावं, त्यात वेगळं स्वस्त सिम, बँकेला न जोडलेलं. फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावी, पुढे पुढे पाठवलेली नको. टाकण्याआधी ती व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या संकेतस्थळावर चढवून पाहावी. तिथला निकाल स्वच्छ आला म्हणजे फाइल चांगलीच, असं मात्र नसतं. कालच बनवलेलं घातक ॲप तिथे कुणाच्याच यादीत नसतं. ॲप बसलं की ‘अज्ञात ॲप्स’ ची परवानगी त्याच मिनिटाला काढावी आणि प्ले प्रोटेक्ट बंद असेल तर चालू करावं. प्ले प्रोटेक्ट बंद केल्याशिवाय जे ॲप बसतच नाही, ते बँकेच्या सिमच्या फोनवर टाकू नये, मग देणारा कितीही ओळखीचा असो.

फाइल खरी कुणाची, हे तिच्यावरच्या स्वाक्षरीवरून ठरतं. प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. आधीच असलेल्या ॲपवर वेगळ्या स्वाक्षरीचं ‘अपडेट’ अँड्रॉइड चढवूच देत नाही, ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ म्हणून थांबतं. अशा वेळी ‘जुनं काढा, मग नवीन टाका’ असा सल्ला कुणी दिला तर तिथेच हात आखडावा. एफ-ड्रॉइडसारखं भांडार बाहेरचं असूनही त्यामानानं विश्वासाचं आहे, कारण तिथे मुक्त स्रोताची ॲप्स मूळ कोडपासून बांधली जातात आणि कोड कुणालाही पाहता येतो. ‘जीबी’ वगैरे नावांनी मिळणारं बदललेलं व्हॉट्सॲप याच्या नेमकं उलट टोकाला. त्यात कुणी काय घातलं ते पाहायची सोयच नाही, आणि आपल्या सगळ्या गप्पा त्यातून जातात.

प्ले स्टोअरवरही घातक ॲप्स आणि लुबाडणारी कर्जाची ॲप्स सापडली आहेत. फरक इतकाच की तिथलं वाईट ॲप उघड झालं की काढलं जातं, व्हॉट्सॲपवरची फाइल फिरतच राहते. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की बाहेरून टाकायच्या ॲप्सच्या बनवणाऱ्यांनाही ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, इतरत्र २०२७ पासून. पण अँड्रॉइड १२ वर थांबलेल्या जुन्या फोनच्या मालकानं तोवर त्यावर विसंबून राहू नये.

स्टार्टर बसवणाऱ्या कारागिरालाही बोलावून हे सगळं दाखवलं. त्यानं त्या परिसरात ज्या ज्या घरी ॲप टाकलं होतं, तिथे जाऊन व्हॉट्सॲपची परवानगी काढायला आणि प्ले प्रोटेक्ट चालू करायला सुरुवात केली. एका फोनला दोन मिनिटं लागतात.